नाल्याच्या तोंडाची पट्टी

माझी बायको मनकर्णा गेल्याचं आम्हाला कळलं त्याच दिवशी गावात दवंडी आली.

ती अंजनगावला माहेरी गेली होती. भावाच्या सुनेचं बाळंतपण होतं. तिथं तिला ताप भरला आणि त्यातून ती उठली नाही. त्या आठवड्यात पूर्णा दोन्ही थड्या भरून चालली होती, मधले नाले तुंबले होते, त्यामुळं माणूस लवकर पाठवता आला नाही. तिचा भाऊ नत्थुजी छोट्या गाडीनं आला आणि ठेसनापासून चिखलातून चालत वाळखेडला पोचला, तेव्हा तिला अग्नी देऊन झाला होता. मी गोठ्यात बैलाच्या खुरात रुतलेला काटा काढत होतो. नत्थुजीनं वहाणा हातात धरल्या होत्या. मी विचारलं, "बाळंतीण कशी आहे?"

"बाळंतीण बरी आहे, भाऊजी," तो म्हणाला आणि शेणातच खाली बसला.

घरात माणसं जमली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाला डफडं वाजलं. कोतवाल एकेका दारासमोर थांबून ओरडत येत होता. आमच्या दाराशी त्यानं गर्दी पाहिली, डफडं काखेत मारलं आणि आत येऊन जे ओरडून सांगायचं ते हळू सांगितलं.

"पुंजारामभाऊ, तुमच्या दाराशी वाजवत नाही. पन सांगनं मायं कामच आहे. हक्काची नवी नोंद होऊन राहिली. मूर्तिजापूरचे नायब तहसीलदार येनार. ज्याचा ज्या जमिनीवर हक्क असीन त्यानं हजर राहून सांगावं. मांगून बोललं तं ऐकनार नाही."

"वाडीचं बी?" माझ्या थोरल्या भावानं, महादेवदादानं विचारलं.

"वाडीचं बी त्याच दिवशी."

तो दिवस तेरवीच्या दुसऱ्या दिवशी येत होता.

वाडी म्हणजे आमची डांगरवाडी. दिवाळीनंतर पूर्णेचं पाणी उतरतं आणि पात्रात रेती उघडी पडते. त्या रेतीत आम्ही माळी लोक डांगरं म्हणजे खरबुजं, टरबुजं, काकड्या लावतो. पुढचा पाऊस आला की नदी सगळं घेऊन जाते. बांध राहत नाही, धुरा राहत नाही. म्हणून दरवर्षी नव्यानं पट्ट्या पाडाव्या लागतात. काठावरच्या काळ्या खडकापासून दोर टाकायचा आणि दर चुलीला एक दोर रुंदीची पट्टी द्यायची, काठापासून पाण्यापर्यंत. माणसं किती, गडी किती, हे पाहायचं नाही. चूल पेटते ना, मग पट्टी. विधवेची चूल असली तरी तेवढीच. सगळ्यात वरची पट्टी गावाची. तिच्या डांगरांवर शाळेच्या खोलीवर पत्रे चढले आणि मास्तराच्या पगारातला गावाचा वाटा निघतो. तिच्या खालच्या पट्ट्या दरसाल फिरतात. प्रत्येक चूल एक घर वर सरकते, सगळ्यात वरची खाली येते. म्हणजे चांगली रेती आज ना उद्या सगळ्यांना मिळते.

फक्त एक पट्टी फिरत नाही. सगळ्यात खालची, नाल्याच्या तोंडाची. तिथं नाल्याचा गाळ येतो आणि पाणी खारं असतं. ती पट्टी ज्या घराकडं दोर असतो त्या घराची. दोर आमच्याकडं होता.

दोर बाईनं धरायचा, आणि तोही बाहेरून आलेल्या सुनेनं. गावच्या लेकीच्या हातात तो देत नाहीत, कारण तिचे भाऊबंद गावात असतात. आमच्या आजीनं धरला, आईनं धरला, मग मनकर्णानं. ती लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या वर्षापासून धरत होती. तिनं टाकलेल्या दोरावरून गावात कधी भांडण झालं नाही.

पलीकडच्या काठावरच्या गावाची अशीच रेती होती. मागं नोंद झाली तेव्हा तिथं कोणी काही सांगितलं नाही, म्हणून ती सरकारी लिहिली गेली. आता तिचा दर दिवाळीला लिलाव होतो. ठेकेदार घेतो, आणि ज्यांच्या वाड्या होत्या ते त्याच्याकडं रोजानं जातात. हे सगळ्यांना माहीत होतं.

तेरवीच्या पंगती उठल्या, बाहेरगावचे पाहुणे गेले. दुपारी ओसरीवर घरचीच माणसं उरली. दादा खांबाला टेकून बसला होता. आम्ही दोघे भाऊ एकत्र आहोत, चूल एकच. वहिनी वारल्या तेव्हा त्यांचा भगवंत पाळण्यात होता. त्याला मनकर्णानं वाढवलं. आता तो मूर्तिजापूरच्या एका कापसाच्या जिनात मुनीम आहे आणि लोक त्याला भगवंतराव म्हणतात. डोकं भादरायचं काम माझ्या मुलाचं, गोवर्धनचं होतं. पण भगवंतानंही न सांगता भादरून घेतलं होतं.

"काका, उद्याचं बोलून घेऊ," तो म्हणाला.

"बोल."

"साहेब पह्यले इचारनार, वाडी कोनाची. सगळ्यायनं सगळ्यायची म्हटलं का ते कोनाचीच राह्यत नाही. मी कचेरीत इचारून आलो. कागदावर मानूस लागते. चूल चालत नाही."

"मंग?"

"दोर आपल्या घरी आहे. पट्ट्या आपन पाडतो. म्हनजे ताबा आपला. याले गावातला एक मानूस नाही म्हनू शकत नाही. वाडी आपल्या नावानं लावून घ्या. मंग ज्याले द्याची त्याले द्या, आपल्या मर्जीनं."

माझी मोठी बहीण पार्बताबाई दाराशी बसून सुपारी कातरत होती. ती विधवा आहे. नवरा वारल्यावर गावात परत आली, पण आमच्या घरात राहिली नाही. दोन घरं सोडून तिनं वेगळी चूल मांडली.

"आपल्या मर्जीनं," ती म्हणाली. "म्हनजे मले बी तुया मर्जीनं?"

"आत्या, तुमाले कोन नाही म्हनते?"

"आज कोनी नाही म्हनत. आज तू आहेस. उद्या तुया पोट्टा असीन. त्याची बायको असीन. तिले मी कायले आवडीन?"

गोवर्धन हसला. दादाला ते आवडलं नाही.

"बाई, पोरगं घरासाठी बोलून राह्यलं," दादा म्हणाला.

"मी बी घरासाठीच बोलून राह्यली. माया घरासाठी."

"अन् साक्ष?" गोवर्धननं विचारलं. "गाव इरोधात गेलं तं?"

"वामनराव पाटील साक्ष द्याले तयार आहे," भगवंत म्हणाला.

पार्बताबाईचा अडकित्ता थांबला. "फुकट?"

भगवंत म्हणाला, "वरची बाजू त्याले लागते."

"वरची बाजू म्हनजे शाळेची पट्टी."

"शाळा आता आहे ना, आत्या. पत्रे चढले."

"मास्तर काय पत्रे खाते?"

गोवर्धन जमिनीवर बोटानं रेघा ओढत होता. तो इतका वेळ आत्याच्या बाजूचा वाटत होता. आता म्हणाला, "भगवंत खोटं नाही बोलत, बाबा. नाल्याची पट्टी आपनच कितीक वर्सं घ्याची? मायच्या मांग आता तिथं शकुन राबनार."

शकुन म्हणजे त्याची बायको. ती मोझरीकडची. दोर आता तिच्याकडं यायचा होता. ती आतल्या दारात उभी होती.

मग भगवंत बोलला, आणि या वेळी तो मुनीमासारखा बोलत नव्हता.

"काकूनं जन्मभर गाळातले डांगर इकले. मी पाटीजवय बसलो आहे, मले ठाऊक आहे. बजारात बाया डांगर हाती घेत, वास घेत अन् ठेवून देत. बाजूच्या पाटीतलं घेत. ते बाजूचं डांगर बी काकूनंच मोजून देल्लेल्या रेतीतलं. साऱ्या गावाले गोड रेती वाटून ते सोता खारी डांगरं घेऊन उन्हात बसे. तिले कोनी काय देल्लं? आता तिच्या मांग तरी द्या."

हे खरं होतं. मी तिला कित्येकदा रिकाम्या पाटीनं बाजारातून येताना पाहिलं होतं, आणि कित्येकदा भरल्या पाटीनं. भरली पाटी वाईट होती. मनकर्णा ती डांगरं बैलाला घालायची.

सगळे माझ्याकडं पाहत होते. दादा थोरला खरा, पण दोर माझ्या बायकोचा होता, म्हणून बोलायचं मला होतं.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

"उद्या साहेब येनार," दादा म्हणाला.

"त्याच्यासमोरच सांगतो."

सकाळी जे झालं ते मी पाहिलं नाही. शकुननं सांगितलं, आणि राहिलेलं भगवंत पोळ्याला आला तेव्हा त्यानं सांगितलं.

शकुन मागच्या अंगणात डाळ निवडत होती. भगवंत आंघोळ करून, टोपी घालून आला.

"वहिनी, दोर काढून द्या. साहेबाले दाखवाचा आहे."

"वर आढ्याले आहे, भाऊजी. माया हात पुरत नाही. काढा."

त्यानं चढून दोर काढला. अंबाडीचा दोर, जाड, काळा पडलेला. त्याला वाटलं होतं त्याहून तो जड निघाला. लहानपणी त्यानं तो मनकर्णाच्या खांद्यावर पाहिला होता, पण हातात कधी घेतला नव्हता.

"गाठ कुठीच नाही यात," तो म्हणाला.

"गाठ पडली का माप कमी होते. तुटला तं पीळ उकलून पिळात पीळ घालून जोडा लागते. हे इथी पाहा, अन् हे. सासूबाईच्या जोडन्या आहेत. मले नाही येत अजून. यंदा शिकवनार व्हत्या."

भगवंतानं त्या जागेवरून बोट फिरवलं. जोड कुठं सुरू होतो ते त्याला कळलं नाही.

"वहिनी, एक इचारू? तुमाले ते नाल्याची पट्टी पाह्यजे काय?"

"कोनाले पाह्यजे असीन?" शकुन म्हणाली. "मी मोझरीहून आली तवा पह्यल्या वर्सी तिथं रडलीच. सारं गाव हसून राह्यलं अन् मी गाळात. सासूबाई म्हने, बस इथी. इथून वर पाह्य. मंग बसली. तिथून सारी वाडी दिसते, भाऊजी. कोनाचं पानी लागलं, कोनाचे येल सुकले, कोन आज आलंच नाही, सारं दिसते. वरच्या पट्टीतून नुस्ती नदी दिसते."

"म्हनून खारी पट्टी चांगली?"

"खारी ते खारीच. मी चांगली कुठी म्हटलं?" तिनं सूप झटकलं. "दोर न्या. पन साहेबाले देऊन नका येऊ."

भगवंतानं दोर खांद्यावर घेतला आणि गेला. तेव्हापर्यंत त्याचा बेत बदलला नव्हता. हे त्यानंच मला सांगितलं.

साहेबांचं टेबल काठावरच्या निंबाखाली मांडलं होतं. साहेब तरुण होते, नागपूरकडचे. छत्री धरून ते थडीपर्यंत गेले आणि परत आले. पूर्णा गढूळ, भरलेली. एक झाड वाहत चाललं होतं.

"जमीन कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"पान्याखाली, साहेब," कोतवाल म्हणाला.

"कधीपर्यंत?"

"दिवाईले निंगते."

साहेबांनी कपाळ पुसलं. त्यांनी एकेका घरच्या माणसाला पुढं बोलावलं आणि विचारलं, तुमची पट्टी कुठं? इथंच आमची माणसं चुकली. कोणी खोटं बोललं नाही. पहिल्यानं गेल्या साली जिथं लावलं होतं ती जागा दाखवली. दुसऱ्यानं येत्या दिवाळीला जिथं मिळायची होती ती दाखवली. ती नेमकी पहिल्याचीच निघाली. तिसऱ्यानं साहेबांनाच विचारलं, "कोन्त्या सालची दाखवू?" चौथ्यानं घाबरून पहिल्या दोघांनी दाखवली तीच दाखवली.

साहेबांनी टाक खाली ठेवला. "तीन माणसं एकच जागा आपली म्हणतात. एकाला आपली जागाच माहीत नाही. याला मी वहिवाट कशी म्हणू? मला हे सरकारी लिहावं लागेल."

वामनराव पाटील साहेबांच्या बाजूच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी भगवंताकडं पाहिलं.

भगवंत पुढं झाला. खांद्यावर दोर होता. तो शुद्ध बोलला, कचेरीत बोलतात तसं. "साहेब, वाडीचं वाटप या दोरानं होतं. हा दोर पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घरी असतो."

"म्हणजे वाडी तुमची?"

भगवंतानं खांद्यावरचा दोर सावरला. दादा मान पुढं काढून ऐकत होता. भगवंत म्हणाला, "काकांना विचारा."

पोळ्याला मी त्याला विचारलं, तू असं काहून केलं? तो म्हणाला, "हो म्हनाचंच व्हतं, काका. तोंड उघडलं तं दोराले काकूच्या तेलाचा वास येऊन राह्यला व्हता." ती दोराला करडीचं तेल चोळून ठेवायची.

साहेबांनी मला पुढं बोलावलं. मला मोठं बोलता येत नाही. समोर कोतवाल उभा होता, त्याच्या कमरेला चावडीची चावी लटकत होती. तीच मला दिसली.

"साहेब," मी म्हणालो, "चावडीची चावी कोतवालाच्या कमरेले आहे. चावडी त्याची नाही."

कोतवालानं एकदम कमरेवर हात ठेवला. लोक हसले. साहेबही थोडे हसले.

"मग वाडी कोणाची?"

"ज्या चुलीले दोर पडते तिची. साऱ्या चुलीयची."

दादानं मान खाली घातली. गोवर्धन माझ्या मागं येऊन उभा राहिला.

"हे तुम्ही म्हणता," साहेब म्हणाले. "पण जागा कोणालाच दाखवता येत नाही."

तेव्हा पार्बताबाई बायांच्या घोळक्यातून पुढं आली. "साहेब, मानसायले इचारलं का असंच होते. पट्टीवर मानसं येते मोट घेऊन अन् जाते झोपाले. वाडी बाया लावते. बायायले इचारा."

"विचारतो. काय विचारू?"

"काही इचारू नका. पाहा."

शकुन पुढं आली. तिनं पदर घट्ट केला आणि भगवंताच्या खांद्यावरून दोर उतरवून घेतला. त्यानं तो दिला. काळ्या खडकापासून गावाच्या बाजूला मोकळी जागा होती, गुरं बसायची. दोराचं एक टोक तिनं खडकाशी एका बाईच्या पायाखाली ठेवलं आणि दोर टाकत निघाली. एक दोर झाला की टाचेनं खूण करायची, पुन्हा दोर टाकायचा. ती खाली पाहून चालत होती, कोणाच्या तोंडाकडं पाहत नव्हती. मनकर्णाही तशीच चालायची. मी दुसरीकडं पाहिलं.

खुणा झाल्या तशा बाया आपापल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. कोणी कोणाला विचारलं नाही. पहिली जागा, गावाची, त्यांनी मोकळी सोडली आणि तिथं शाळेतली पाटी ठेवली. त्याच्याखाली एकीमागं एक, चाळीसेक चुली, खडकापासून बाभळीपर्यंत.

"हे येत्या सालचं," पार्बताबाई रांगेतून म्हणाली.

साहेब टेबलाजवळून उठले. "गेल्या सालचं?"

सगळी रांग एक घर खाली सरकली. सगळ्यात खालची बाई पदर सावरत वर पळत गेली. पोरं हसली.

"त्याच्या आधीच्या सालचं?"

पुन्हा एक घर. साहेब रांगेजवळून चालत गेले. मग ते थांबले आणि त्यांनी विचारलं, "मानमोडीच्या साली?"

मानमोडीचा ताप आला त्याला तेव्हा बारा-तेरा वर्षं झाली होती. गावात असं घर नव्हतं जिथलं कोणी गेलं नव्हतं. रांग एकदम हलली नाही. मग म्हाताऱ्या बायांनी हळूहळू सगळ्यांना जागेवर नेलं. ज्या नव्या सुना होत्या त्यांना सासवांनी हाताला धरून उभं केलं. पार्बताबाई वरून निघाली ती खाली येऊन उभी राहिली, आमच्या जागेच्या वर. नवी चूल तिथं लागते. तिची चूल त्याच साली मांडली होती. आणि रांगेत मधे मधे जागा मोकळ्या राहिल्या.

"इथं कोण?" साहेबांनी एका मोकळ्या जागेशी विचारलं.

"कोनी नाही. चूल इझली."

"आणि इथं?"

"इझली."

असं विचारत साहेब खालपर्यंत आले. बाभळीजवळची शेवटची खूण, नाल्याच्या तोंडाची, मोकळी होती. दोर शकुनच्या हातात होता, आणि तिथं उभी राहणारी दुसरी बाई आमच्या घरात नव्हती.

"हीसुद्धा विझली का?"

मी गेलो आणि त्या खुणेवर उभा राहिलो. बायांच्या रांगेत मी एकटा पुरुष. एरवी त्या हसल्या असत्या.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "हे आमची चूल आहे."

भगवंत येऊन माझ्या बाजूला उभा राहिला. टोपी त्यानं हातात घेतली होती. "साहेब, दोर धरनाऱ्याची पट्टी हेच असते," तो म्हणाला. आता तो घरच्यासारखं बोलत होता. "दरसाल हेच. सगळ्यात खारी."

"दरसाल?"

"आमच्या पणजीपासून दरसाल."

साहेबांनी परत टेबलाशी जाऊन बराच वेळ लिहिलं. मग ते उभे राहून मोठ्यानं बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नदी सरकारची राहील. वहिवाट वाळखेडच्या चुलींची, सामाईक, दोरानं वाटप, आळीपाळीनं. लिलाव होणार नाही. पट्टी कोणाला विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही.

"वरची पट्टी कोणाची लिहू?" त्यांनी विचारलं.

वामनराव पाटील नदीकडं पाहत होते. बायांची सगळी रांग त्यांच्याकडं पाहत होती. त्यांचे दोन नातू त्याच शाळेत जातात.

"शाळेची आहे," पाटील म्हणाले.

मग नावं लिहायची आली. चुलीला नाव नसतं, म्हणून दर चुलीतलं एक माणूस लागत होतं. पार्बताबाईची पाळी आली.

"नाव?"

"पार्बताबाई."

"नवरा?"

"वारला."

"मग कोणाच्या घरी?"

"माया घरी," ती म्हणाली. "भाऊ हे दोघं उभे आहेत. चूल माही आहे."

साहेबांनी लिहिलं. तिनं ते वाचून घेतलं, आणि जरा थांबून म्हणाली, "आणखी एक डाव वाचा." साहेबांनी पुन्हा वाचलं. त्याआधी तिचं नाव कुठं लिहिलं गेलं असेल असं मला वाटत नाही.

आमची पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मनकर्णा लिवा."

"हयात आहेत?"

"नाही."

"मग लिहिता येत नाही."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. तरी मी तसाच उभा राहिलो. मागून दादाचा आवाज आला. आदल्या दिवशी तो मुलाच्या बाजूचा होता, आणि सकाळपासून माझ्याशी बोलला नव्हता.

"शकुन लिवा," दादा म्हणाला.

साहेबांनी गोवर्धनकडं पाहिलं. "नवरा हजर आहे ना?"

"लिवा, साहेब," गोवर्धन म्हणाला. "घरात तसं बी तिचंच चालते."

सगळे हसले. शकुननं तोंडावर पदर घेतला. त्या दिवसानंतर तिला गावात दोरवाली म्हणतात. मनकर्णालाही तसंच म्हणायचे.

उठताना साहेब म्हणाले, नोंद दोरावर केली आहे, तेव्हा दोर पुरावा म्हणून कचेरीत जमा राहील. त्यांनी त्याची लांबी मोजून लिहिली. शकुननं दोर छातीशी धरला होता. तिनं भगवंताकडं पाहिलं. सकाळी तिनं त्याला हेच सांगितलं होतं.

"परत कधी भेटीन?" त्यानं विचारलं.

"अपिलाची मुदत संपली की. मग अर्ज करा."

तिनं दोर दिला. कोतवालानं वेटोळं करून तो गाडीत ठेवला. मी गाडीच्या मागं नाल्यापर्यंत चालत गेलो. तिथं पाणी होतं, म्हणून परत आलो. मनकर्णाच्या हातचं ते शेवटचं होतं. पण त्या दोरामुळं चाळीस चुली आता कागदावर आहेत, आणि पूर्णेच्या काठावर दुसऱ्या कोणत्या गावानं असं केल्याचं मी ऐकलं नाही. रात्री घरी दादा माझ्या ताटाजवळ ताट घेऊन बसला.

भादव्यात नोंदीची नक्कल आली. मास्तरांनी शाळेत ती मुलांकडून वाचून घेतली. पलीकडच्या काठाची माणसं नावेतून आली, तुम्ही काय सांगितलं, काय दाखवलं, ते विचारायला. पार्बताबाईनं त्यांना दोन दिवस ठेवून घेतलं आणि त्यांच्या बायांना अंगणात उभं करून शिकवलं. वाडीपासून ठेसनापर्यंत रस्ता पाहिजे असा आमचा अर्ज लोकल बोर्डात आधी दोनदा गेला होता. रेतीवर कोणाचा हक्क नाही, मग रस्ता कोणासाठी, असं उत्तर आलं होतं. भगवंतानं या वेळी नोंद जोडून अर्ज लिहिला. बोर्डाचा ओव्हरशेर येऊन रस्त्याच्या खुंट्या मारून गेला आहे. रस्ता झाला तर डांगरं चिखलात सडणार नाहीत, छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला आणि तिथून अकोल्यापर्यंत जातील. भगवंत म्हणतो, नाल्याची डांगरंसुद्धा जातील, तिथल्या लोकांना खारं-गोड काय समजते.

साहेबांनी लिहिलेली लांबी शकुनला पाठ आहे. जुना दोर कचेरीतच आहे, आता त्याच मापाचा नवा पाहिजे, पाणी उतरायच्या आत. जोडणी कोणाला येत नाही, तेव्हा तो एकसलग, मधे न तुटता वळावा लागेल. शकुन वळणार, भगवंतानं दिवाळीआधी येऊन टोक धरायचं कबूल केलं आहे. अंबाडी बांधावर फुलावर आली आहे. ती कापायची, नाल्यात भिजत घालायची, सोलायची आणि मग वळायची. त्यातलं अजून काहीच झालेलं नाही.